बायकोची प्रॉपर्टी पण दाखवावी लागते का?

प्रश्न: आमच्या विधानसभेच्या एका उमेदवाराचं ॲफिडेव्हिट बघत होतो, बायकोचं सोनं तोळ्यात लिहिलंय पण गाडी एकही नाही, आणि साहेब रोज फॉर्च्युनरमधून फिरतात. असं चालतं का?

भटका_वाचक: नमुना २६ मध्ये (उमेदवाराच्या ॲफिडेव्हिटचा ठरलेला फॉर्म) स्वतःचं, बायकोचं, अवलंबून असलेल्यांचं सगळं लिहावं लागतं, कर्जासकट, शिवाय ५ वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न. गाडी भावाच्या नाहीतर कंपनीच्या नावावर असेल, मग काय घंटा कळणार.

कोर्टकचेरी: रकाना कोरा ठेवला आणि सांगूनही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ, जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

चहाबाज: फक्त ६ महिने?? त्यात आकडे खरे की खोटे हे अर्ज घेणारा अधिकारी तपासत बसत नाही, तक्रार करणाऱ्यानेच कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या