‘कुष्ठरोगी’ ही ओळख मला नको

चाफा: मला कुष्ठरोग झाला होता. कोपराजवळ फिकट चट्टा, टाचणी टोचली तरी कळायचं नाही. सरकारी दवाखान्यातून बारा महिने एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, पाकिटं फुकट मिळाली, रोग गेला. गोळ्यांनी काळवंडलेली कातडीही पुढे उजळली. गावातली ओळख मात्र बदलली नाही. टायफॉइड होऊन गेलेल्याला जन्मभर कुणी टायफॉइडवाला म्हणतं का? मग मीच का रोगी? आणि कौतुकानं दिलेलं ‘कुष्ठमुक्त’ही नको. त्यातही रोग आहेच. मी तूर पिकवतो, तेवढं म्हणा.

घरोघर: मी वीस वर्षं घरोघर जाऊन कुष्ठरोग सर्वेक्षणाचं काम करतो. चाफा, तुमचं दुःख कळतं, पण तुमचं म्हणणं पटत नाही. नाव दबक्या आवाजात घेतलं की चट्टाही लपतो. एका बाईंनी ‘उष्णतेचा डाग आहे’ म्हणून मला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा करंगळी वाकली होती. वेळेत आल्या असत्या तर हात वाचला असता. बोटं रोगानं झडत नाहीत हो. नस बधिर होते, मग चुलीवरचं पातेलं धरलं तरी चटका कळत नाही, जखम चिघळत जाते. हे लोकांना सांगायचं तर बरे झालेल्यांनीच ‘मला कुष्ठरोग झाला होता’ असं उघड म्हणायला हवं.

वसाहतीतला: आमचे आजोबा गावानं हाकलल्यावर इथे, कुष्ठरोग झालेल्यांच्या वसाहतीत आले. आज ‘महारोगी’ शब्द टोचतो, पण बाबा आमट्यांनी १९४९ साली काढलेल्या संस्थेचं नाव ‘महारोगी सेवा समिती’च आहे. त्या नावाखाली माणसांनी शेती केली, संसार थाटले. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना निराधार योजनेचे पैसे मिळतात तेही रोगाच्या दाखल्यावर. तुमच्याकडे शेत आहे म्हणून ओळख टाकणं परवडतं. ज्याची बोटं गेली त्यानं काय टाकायचं?

दोन मुलींची आई: मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? शंभरातल्या पंच्याण्णव जणांना हा रोग होतच नाही म्हणतात. उरलेल्या पाचांत माझी मुलगी असली तर?

घरोघर: ताई, हे विचारलंत ते बरं केलंत. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग होत नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या श्वासावाटे, तेही बराच काळ जवळ राहिल्यावर, जंतू पसरतात. औषध सुरू झालं की लवकरच पसरणं थांबतं. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या शेजाऱ्याला भिण्याचं कारण नाही. आणि लागण झालीच तरी औषधानं रोग पूर्ण बरा होतो. रुग्णाच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना तपासून, रोग होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिन या औषधाचा एक डोसही देतात.

चाफा: वसाहतीतल्या दादा, तुमचं खरं आहे. दाखला राहू द्या, तो हक्काचा आहे. पण त्याच शिक्क्यानं काय काय झालं तेही बघा. माणसांना डांबणारा १८९८चा कायदा २०१६पर्यंत पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९पर्यंत चालायचं, रोग बरा होत असूनही! घरोघर, रोगाचं नाव लपवा असं मी म्हणतच नाही. नाव रोगाला द्या, मला नको. ३० जानेवारीच्या ग्रामसभेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा वाचतात, तेव्हा मी उठून कोपर दाखवणार आहे.

वसाहतीतला: दाखवा. पण वाकडी बोटं घेऊन जो उठेल, त्यालाही तेवढीच टाळी मिळाली पाहिजे. मला शंका आहे.

दोन मुलींची आई: धाकटीच्या पाठीवर फिकट डाग आहे. खाजत नाही. इतके दिवस कुणाला बोलले नव्हते.

घरोघर: उद्याच आरोग्य केंद्रात न्या. बहुतेक साधाच असेल, पण दाखवा. मोठीलाही सोबत घ्या.