चर्चच्या ट्रस्टमध्ये अकाउंटंट व्हायचं तर पाळकांचं पत्र कशाला?

मिरचीमार्केट (नंदुरबार): रामराम मंडळी. आमच्याकडच्या एका चर्चच्या ट्रस्टमध्ये अकाउंटंटची जागा निघालीय. दवाखाना आणि वसतिगृह, दोन्हींचे हिशेब. मी बी.कॉम., दोंडाईच्याला एका जिनिंगमध्ये टॅलीवर बसतो. ही नोकरी लागली तर रोजचं अपडाऊन वाचेल. फॉर्म आणला तर नावापत्त्याखालीच रकाना: कोणत्या मंडळीचे (म्हणजे चर्चच्या समुदायाचे) सभासद, बाप्तिस्मा कधी, पाळकांचं शिफारसपत्र जोडा. मी गुजर, कुठून जोडू? ऑफिसातले गृहस्थ चहा पाजून म्हणाले, "आपल्यातलाच बघतोय." उपदेश करणारा ख्रिस्तीच हवा, कबूल. पण व्हाउचरला कसला धर्म? हे कायद्यात बसतं का?

धुळेकोर्ट: बसतं, भाऊ. राज्यघटनेच्या कलम 16 मधली धर्मभेदाची मनाई सरकारी नोकरीपुरती. खाजगी ट्रस्टला अडवेल असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. शाळा असती तर 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आला असता. त्यातही अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि फार तर तीन जण त्याबाहेर ठेवून भरता येतात, शिक्षण संचालकांना नावं कळवून.

जामनेर_ते_जर्सी: इकडे अमेरिकेत 1964 च्या कायद्याने 15 किंवा जास्त नोकर असलेल्या खाजगी मालकालाही धर्म बघायची बंदी आहे. पण चर्चला सूट! युटामध्ये मॉर्मन चर्चच्या व्यायामशाळेतल्या एकाला धर्माच्या अटीत बसत नाही म्हणून काढलं. इमारतीची देखभाल करायचा बिचारा. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने चर्चलाच उचलून धरलं.

नवापूरची_ताई: मी मंडळीतलीच. आमच्याकडे ड्रायव्हर, वॉर्डबॉय सगळ्या समाजांचे आहेत, हिशेबाची वही मात्र बाहेर जात नाही. कोण दशमांश, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा चर्चला देतं, कोणाचा तीन वर्षांचा थकलाय, सगळं तिच्यात असतं. आणि तुमच्या शिक्षण संस्थांत क्लार्क म्हणून कोणाचा भाचा चिकटतो, तेही लिहा की! आम्ही निदान फॉर्मवर छापतो.

मिरचीमार्केट: ताई, भाच्याचं सोळा आणे खरं, तिथेही आपटलोय. पण दशमांशाची वही पाळकांकडे राहू द्या ना. औषधांची बिलं, पगारपत्रक, पीएफ, यात कोणाचं काय झाकायचंय? रकाना कोरा ठेवून अर्ज देतोय, सोबत शेठचं पत्र. धुळेवाले भाऊ, नाही म्हणाले तर लेखी कारण मागता येतं?

धुळेकोर्ट: मागा खुशाल. द्यायला ते बांधील नाहीत.