युरोप संपला म्हणे! मग दारात रांग कशाची?

ऱ्हाईनकाठची
परवा ‘रोखठोक’ यांची पोस्ट वाचली. मथितार्थ असा: युरोप म्हणजे पेन्शनरांचं संग्रहालय, ट्रम्पनी डोळे वटारले की ब्रसेल्स, म्हणजे संघाचं मुख्यालय, शेपूट घालतं, सत्तावीस देशांचं कशावरच एकमत होत नाही, सबब दहा वर्षांत युरोपीय संघाचा सोव्हिएत संघ होणार. खाली टाळ्यांचा कडकडाट. बाकी सगळं सोडून दिलं असतं, पण सोव्हिएत संघ?

लिथुआनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडतो म्हटल्यावर जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्निअसच्या टीव्ही टॉवरपाशी रणगाडे आले, माणसं मेली. ब्रिटनने बाहेर पडतो म्हटल्यावर काय आलं? संघाच्या करारातल्या पन्नासाव्या, बाहेर पडायच्या कलमाखालची कागदपत्रं. २०१६ चं सार्वमत, मग कंटाळवाण्या बैठकांवर बैठका, आणि ३१ जानेवारी २०२० ला रामराम. तोच लिथुआनिया लोकांना विचारून २००४ मध्ये युरोपीय संघात आला. आज युक्रेन, मोल्डोवा, अल्बेनिया, मॉन्टेनेग्रो दारात उभे आहेत. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून स्वतःचं चलन सोडून युरो घेतला. संपलेल्या गोष्टीसाठी एवढी धडपड कोण करतं?

राहता राहिला एकमताचा प्रश्न. परराष्ट्र धोरणात एका देशाचा नकार सगळ्यांना अडवतो, खरं आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या होत्या तेव्हा विरोध करणारे हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी ठराव करून टाकला! डिसेंबर २०२५ मध्ये युक्रेनला ९० अब्ज युरोंचं कर्ज ठरलं, त्याच्या भारातून हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेकियाला वगळलं. ग्रीस कर्जात बुडून तडफडत होता तेव्हा जर्मनी सामायिक कर्जाचा विषयही काढू देत नव्हता. २०२० मध्ये कोव्हिड आल्यावर त्याच जर्मनीने ७५० अब्ज युरोंच्या सामायिक कर्जाला मान डोलावली. हा संघ असाच रडतखडत, आडवाटेने पुढे जातो. दिसायला वाईट दिसतं, मान्य. पण मेलेला माणूस आडवाटेनेही चालत नाही.

रोखठोक
मूळ पोस्ट माझी, तेव्हा उत्तर देणं आलं. ताई जर्मनीत राहतात, मीठ खातात, समजू शकतो.

२७ जुलै २०२५. स्कॉटलंडमध्ये, ट्रम्पच्या स्वतःच्या गोल्फ मैदानावर जाऊन युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन देर लायेनबाईंनी १५ टक्के आयातशुल्क हसत हसत मान्य केलं. वर अमेरिकेकडून ७५० अब्ज डॉलरचं इंधन घ्यायचं वचन. बदल्यात? अमेरिकी औद्योगिक मालावरचं युरोपचं शुल्क शून्य. याला वाटाघाट म्हणतात की खंडणी?

आणि ते ९० अब्जांचं कर्ज तुम्ही पराक्रम म्हणून सांगताय. मूळ बेत काय होता? रशियाचे गोठवलेले दोनशे अब्जांहून जास्त युरो वापरायचे. बहुतेक पैसा ब्रसेल्समधल्या युरोक्लिअर या वित्तसंस्थेत. बेल्जियमचे पंतप्रधान म्हणाले, उद्या रशियाने दावा ठोकला तर एकटे आम्ही भरणार का? झालं, बेत बारगळला आणि कर्ज काढलं. आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायचा ठराव असाच होतो: तळमजलेवाले पैसे देणार नाहीत, वरचे भांडणार, शेवटी बँकेचं कर्ज. पण आमची सोसायटी स्वतःला जागतिक महासत्ता म्हणवत नाही.

जयशंकर २०२२ मध्ये स्लोव्हाकियाच्या ब्रातिस्लाव्हात जाऊन तोंडावर सांगून आले की युरोपची दुखणी म्हणजे जगाची दुखणी आणि जगाची मात्र युरोपची नव्हेत, ही वृत्ती सोडा. त्याच्या पुढे मला काही म्हणायचं नाही.

निफाडकर
दोघांचंही वाचलं. रोखठोकसाहेब, ट्रम्पपुढे झुकणाऱ्या युरोपला कोण विचारतं, असं तुम्हाला वाटतं. आमच्याकडे या. ब्रसेल्सचा कागद आमच्या बागेत तलाठ्याच्या कागदाहून जड आहे.

२०१० साल विसरलेला द्राक्ष बागायतदार नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पोहोचला आणि तिथे सीसीसीचा, म्हणजे वाढ रोखणाऱ्या औषधाचा, रेसिड्यू (उरलेला अंश) निघाला. मर्यादा ०.०५ पीपीएम. कंटेनरच्या कंटेनर अडकले. आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच! आमचा रिपोर्ट इथे पास, तिथे नापास. वडिलांनी त्या हंगामात सोसायटीचं कर्ज काढलं होतं, थोरल्या बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं. पाठवणाऱ्याने हात वर केले. युरोप संपला म्हणता? आम्हाला संपवून गेला होता.

ऱ्हाईनकाठची
निफाडकर, तुमचं नुकसान खरं आहे, वाईट वाटलं. पण हीच तर युरोपची ताकद मी म्हणतेय. पंचेचाळीस कोटी गिऱ्हाइकांचं एक पाकीट. त्यात शिरायचं तर नियम त्यांचे. आणि रेसिड्यूची मर्यादा स्पेनच्या द्राक्षालाही तीच आहे. लहान मुलं द्राक्षं सालासकट खातात हो.

निफाडकर
लहान मुलं ब्रेड खात नाहीत का? तेच सीसीसी युरोपातले शेतकरी गव्हावर राजरोस मारतात, पीक लोळू नये म्हणून. गव्हाची मर्यादा द्राक्षापेक्षा कितीतरी पट सैल. त्यांचं पीक तिथे नियम मवाळ, आमचं पीक तिथे कडक. आरोग्य वगैरे ठीक आहे, पण मला शिकवू नका.

पुणेरी गृहिणी
मला एक विचारायचंय, राग मानू नका. तो परत आलेला माल जातो कुठे? युरोपात नापास झालेली द्राक्षं आमच्या मार्केट यार्डात येतात आणि आम्ही मिठाच्या पाण्यात बुडवून पोरांना देतो. ब्रसेल्स निदान आपल्या पोरांसाठी भांडतं. आमच्यासाठी कोण भांडतं?

निफाडकर
ताई, परत आणायचं भाडं तरी परवडतं का? माल तिकडेच मातीमोल होतो. आणि आम्ही काय विष विकतो? एक्स्पोर्टची आणि लोकलची बाग शेजारी शेजारी असते, तोच बाप दोन्हीवर फवारतो. तुम्ही चाळीस रुपये किलोला घासाघीस करायची आणि वर युरोपचा रिपोर्ट मागायचा!

पुणेरी गृहिणी
घासाघीस करते म्हणून माझ्या पोराने काहीही खायचं? वा रे न्याय.

मांजरी रिटर्न
द्राक्ष संशोधन केंद्रात उमेदवारी केलीय, म्हणून दोन ओळी. २०१० च्या दणक्यानंतर तपासणीची यादी वाढली, बागायतदार काढणीआधी किती दिवस कोणतं औषध थांबवायचं याचं वेळापत्रक भिंतीवर लावू लागले. गोडी छाटणीपासूनच्या (फळासाठीच्या छाटणीपासूनच्या) फवारणीची नोंदवही ठेवणारा माणूस लोकलच्या बागेतही भान ठेवतो, निदान थोडं. हे काम आपल्या कुठल्या कायद्याने केलं नाही, रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेने केलं. निफाडकरांना आवडणार नाही, पण असं आहे.

निफाडकर
आवडत नाहीच. पण नोंदवही आहे. एवढंच लिहितो.

म्हापशेकार
द्राक्षांतून डोकं वर काढा लोकहो. युरोपचं एकीकरण बघायचं तर गोव्यात या. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. आमच्या वाड्यावरचे अर्धे जण तो पासपोर्ट घेऊन गेले. पोर्तुगालला? छे! इंग्लंडातल्या स्विंडनला. पोर्तुगीज अक्षर येत नाही, गोदामात काम केलं, घर बांधलं. माझा मावसभाऊ मात्र कागद जमवत बसला, जन्मदाखल्यात आजोबांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि तोवर ब्रेक्झिट झाला. आता हातात पोर्तुगालचा पासपोर्ट आहे, भारताचं नागरिकत्व गेलं, आणि इंग्लंडला कामाला जायचं तर व्हिसा लागतो. लिस्बनला हॉटेलात भांडी घासतो, शिव्या ब्रिटिशांना घालतो. रोखठोक, संघ मोडला की काय होतं ते त्याला विचारा.

रोखठोक
बरं बाबा, युरोप संपला नाही. फवारणीच्या वेळापत्रकात जिवंत आहे, स्विंडनच्या गोदामात जिवंत आहे, सगळीकडे आहे, फक्त जिथे निर्णय होतात त्या टेबलावर नाही. झालं समाधान? सोव्हिएत संघ हा शब्द मागे घेतो. त्याच्याकडे निदान अणुबॉम्ब होते.

ऱ्हाईनकाठची
फ्रान्सकडेही आहेत. मागे घेताना तरी नीट घ्या.

आणि टेबलाचं म्हणाल तर २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत आपण कोणाबरोबर मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी संपवल्या? २००७ ला सुरू, २०१३ ला ठप्प, २०२२ ला पुन्हा सुरू. ट्रम्पच्या आयातशुल्काच्या धाकाने दोन्ही बाजूंना घाई झाली. ट्रम्पनी दार लोटलं की युरोप दुसरं दार शोधतो. दक्षिण अमेरिकेच्या मर्कोसुर या व्यापारी गटाबरोबरही तेच केलं, फ्रान्सचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरलेले असताना.

निफाडकर
करार झाला, पेढे वाटा. आमच्या द्राक्षाला शुल्क आणि चिली-पेरूच्या द्राक्षाला माफी, हे रडगाणं किती वर्षांचं! शुल्क उतरेल तर उतरू दे. पण रेसिड्यूचा कागद करारात सुटत नाही, हे दिल्लीतल्या टाळ्या वाजवणाऱ्यांना कोणी सांगितलंय का? आणि फ्रान्सच्या शेतकऱ्याचं मला पटतं. आमच्याकडे ट्रॅक्टर रस्त्यावर नेला तर गुन्हा दाखल होतो.

रोखठोक
पोलादावरच्या कार्बन कराबद्दल, म्हणजे माल बनवताना सुटलेल्या कार्बनवर युरोप आयातीला लावतो त्या कराबद्दल, कोणीच बोललं नाही. १ जानेवारी २०२६ पासून आपल्या पोलाद-ॲल्युमिनियमवर तोही लागू झालाय, करार असो नसो. त्यावर वेगळा धागा काढतो. कृपा करून तिथे द्राक्षं आणू नका.

तासगावकर
काढा, काढा. द्राक्षं नाही आणत. बेदाण्यावर बोलतो.