रि: रि: रि: शनिवारची रेड वाइन आणि फ्रिजचा खालचा कप्पा

शैलेश:
मंडळी, वाइनचं आज फायनल करूया, गेल्या वर्षीसारखं शुक्रवारी रात्री अकराला फोनाफोनी नको. मटण सुकं, तांबडा रस्सा आणि व्हेजवाल्यांना भरली वांगी हे ठरलंच आहे. मी बोजोलेच्या, म्हणजे लिऑनच्या उत्तरेकडच्या भागातल्या रेड वाइनच्या, बारा बाटल्या घेतोय, त्यातल्या मोर्गों गावच्या. दुकानदार म्हणाला गार द्या, 13-14 डिग्री. म्हणजे हॉलच्या फ्रिजमध्ये तासभर. खालचा कप्पा रिकामा ठेवा प्लीज.

अनघा:
खालचा कप्पा श्रीखंडाचा आहे. आठ किलो आहे, चक्का गुरुवारीच टांगतेय. मागच्या वेळी बाटल्या सरकवताना डब्याचं झाकण निघून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, पुसलं मात्र मी एकटीने. आणि रेड वाइन फ्रिजमध्ये कोण ठेवतं?

नंदूकाका:
अनघा, रेड रूम टेंपरेचरला हे खरं, पण ती रूम जुन्या दगडी घरातली, 16-17 डिग्रीची. आपल्या हॉलमध्ये हीटर लावून चाळीस माणसं बसली की 24 होतं, त्यात वाइन नुसती दारूसारखी चढते नाकात. इथे फ्रान्समध्ये, लिऑनमधल्या बुशोंमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक खाणावळींमध्ये, जाऊन बघ, जाड बुडाच्या 46 सेंटीलिटरच्या बाटलीत, ज्याला पो म्हणतात, बोजोले गारच येते. लिऑनला नद्या तीन, रोन, सोन आणि बोजोले, असं इथली माणसं उगाच नाही म्हणत.

बाकी बोजोले म्हणजे गामे द्राक्ष. 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने हुकूम काढला होता की हा वेल दगाबाज आहे, उपटून टाका. पीक बदाबदा येतं आणि वाइन पातळ होते म्हणून, त्याला पिनो न्वार हे बर्गंडीचं मानाचं द्राक्ष हवं होतं. गंमत म्हणजे डीएनए तपासल्यावर कळलं की गामे पिनो न्वारचंच लेकरू! दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते रुजलं. आमच्या सासऱ्यांनीही आमच्या लग्नाला असाच विरोध केला होता, असो.

मंदार:
काका, एवढं आहे तर नूव्होच, म्हणजे याच वर्षीची ताजी बोजोलेच, का नाही? ती येते नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार म्हणजे परवाच, शनिवारपर्यंत दुकानादुकानात. स्वस्तपण पडेल. आणि द्राक्षांचं म्हणाल तर आम्ही नाशिककर, आम्हाला वेल कोणी शिकवू नये.

शैलेश:
मंदार, तुमच्याकडची थॉमसन सीडलेस खायची, वाइनची वेगळी, तेवढं मलाही माहितीय. नूव्हो म्हणजे सप्टेंबरला तोडणी आणि नोव्हेंबरला बाटलीत. अख्खे घड टाकीत टाकतात, खालचे दबून फुटतात, गॅस भरतो आणि वरची द्राक्षं न फुटताच आतल्या आत आंबायला लागतात. म्हणून केळ्याच्या गोळीसारखा वास येतो. मजा म्हणून एक ग्लास ठीक, रस्स्यापुढे वाहून जाते. मोर्गोंला जरा अंग आहे, चेरीची चव, बोजोलेच्या दहा क्रूंपैकी, म्हणजे नावाजलेल्या गावांच्या वाइनपैकी, एक आहे, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी यांच्या रांगेतलं.

मुद्दा तिखटाचा आहे. गेल्या वर्षी बोर्दो आणली होती, आठवतंय ना? पहिला घोट रस्स्यानंतर घेतला आणि तोंडात जणू चहाची पावडर चावली, वर जीभ भाजली ती वेगळीच. त्यात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांचा तुरटपणा, जास्त, तिखटाशी जुळत नाही. गामेत कमी असतं, गार असली की अजून बरं.

अनघा:
टॅनिन राहू दे, माझा कप्पा सांग.

मंदार:
थॉमसनही नाशिकलाच होते आणि वाइनची द्राक्षंही, आमच्याकडे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये असते. फक्त माहितीसाठी.

नंदूकाका:
अरे बाबांनो, हॉलच्या मागचा दगडी जिना. नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी फ्रिजपेक्षा थोडंच जास्त टेंपरेचर असतं. पाच वाजता बाटल्या ठेवा, सातला आत आणा, अर्धा तास राहिल्या की बरोबर. पोरं तिथे फटाके उडवणार नाहीत हे मात्र कोणीतरी बघा.

अनघा:
चालेल. जिना शैलेशचा, कप्पा माझा. भरल्या वांग्यांना शेंगदाण्याचं कूट कोण देतंय, कोणीच उत्तर दिलेलं नाही.

शैलेश:
कूट माझ्याकडे. जिन्याची चावी मंदार, तुझ्याकडे आहे ना? आणि गेल्या वर्षीचा बूच काढायचा ओपनर कोणी घरी नेलाय? दोन होते, एकही सापडत नाहीये.