चार्ल्स कोरिया: आठवायचे ते कांचनजंगासाठी की बेलापूरसाठी?

कौलारू: २०१५ च्या जूनमध्ये वास्तुकार कोरिया गेले. तेव्हापासून दर जूनला त्यांच्या मुंबईतल्या कंबाला हिलच्या 'कांचनजंगा'चा तोच फोटो फिरतो. इमारत देखणीच आहे, पण २८ मजल्यांत घरं ३२, आणि ती कुणाला परवडणारी? मला त्यांचं मोठेपण नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला त्यांनी आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत दिसतं. सात घरांमध्ये मिळून आठ बाय आठ मीटरचं अंगण, अशा तीन अंगणांचा पुढे एक मोठा चौक. दोन घरांत सामायिक भिंत नाही, म्हणजे पैसे जमतील तसं घर वाढवायचं, शेजाऱ्याशी भांडण नाही.

खाडीपलीकडचा: हल्ली तिकडे फिरकलात का? उतरत्या छपरांची मूळ घरं शोधावी लागतात. पाडून दोन-तीन मजले चढवलेत, अंगणात गाड्या लागतात. पुस्तकांत मात्र अजून १९८० च्या दशकातलेच फोटो! राहणाऱ्यांनी आपलं मत हातोड्याने दिलंय.

कौलारू: अहो, घर वाढवता यावं म्हणूनच तर भिंती सुट्या ठेवल्या होत्या. फोटोत शोभत नाही हा फोटोचा प्रश्न. गाड्यांचं मान्य.

खाडीपलीकडचा: वाढवणं वेगळं, पाडणं वेगळं.

गिरणगाव: तुम्ही दोघं घरांतच अडकलात. १९६० च्या दशकात वास्तुकार प्रवीणा मेहता, अभियंते शिरीष पटेल आणि कोरिया यांनी खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, सुचवलं. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, कोरिया तिचे मुख्य वास्तुकार झाले. सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या की माणसं जातील, हा सगळ्याचा पाया. सरकारने काय केलं? नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून आणखी टॉवर उठवू दिले! वाशीला लोकल पोचली १९९२ ला. पुढे १९९६ मध्ये मुंबईतल्या बंद कापड गिरण्यांच्या जमिनींसाठी कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. २००१ मध्ये नियमच असा बदलला की मोकळ्या जागा, सार्वजनिक घरं आणि मालक यांच्यातली वाटणी फक्त रिकाम्या जागेची, गिरणीच्या इमारतींखालची जमीन मालकालाच. लोअर परळला उतरून बघा काय उरलं ते. मी त्यांना ह्या न ऐकलेल्या सल्ल्यांसाठी आठवतो.

खाडीपलीकडचा: म्हणजे चांगलं झालं ते कोरियांचं, बिघडलं ते सरकारचं. छान सोय आहे. मंत्रालय हलणार नाही हे १९७० मध्ये चहावाल्यालाही कळत होतं. त्यावर अख्खं शहर कशाला उभं करायचं?

गिरणगाव: शहर उभं राहिलंच की. तुम्ही राहता ना तिथे?