मदत हवी आहे: फ्रीसिव्हमध्ये आंग्र्यांचं आरमार बांधतोय, पण गलबतं एकामागून एक बुडतायत

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकतो, मी सांगलीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा, आणि तीसुद्धा ऑगस्टात न बोलावता घरात येते ती. त्यामुळे सांगलीकराने आरमार बांधायला घेणं हा विनोद आहे, आणि तो मित्रांनी यथेच्छ करून झालाय. माझं उत्तर ठरलेलं: सातारला तरी कुठे समुद्र होता? तरी शाहू महाराजांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रेच होता ना.

तर मुद्दा. फ्रीसिव्ह हा पाळीपाळीने खेळायचा मुक्तस्रोत खेळ. त्यातलं प्रत्येक युनिट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं: हल्ला, बचाव, चाल, हिटपॉइंट (किती मार खाऊन टिकतं ते), किंमत. आकडे बदलले की युनिट बदललं. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता, तेव्हा दोघांनी मिळून मराठा आरमाराचा मॉड, म्हणजे खेळाची आपली बदललेली आवृत्ती, सुरू केली. गुराब, गलबत, शिबाड, मचवा अशी जहाजांची नावं टाकली. नावं टाकणं सोपं होतं.

आकडे कुठून आणले तेही सांगतो. अठराव्या शतकातल्या ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचं बारकाईने वर्णन केलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब जास्तीत जास्त १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी बरीच, आणि पुढे लांब निघालेली नाळ, म्हणजे जहाजाचं टोक. त्या नाळेवरून नेम धरणाऱ्या ९ ते १२ पौंडी दोन तोफा, बाजूंना ६ ते ९ पौंडी. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचं, ४०-५० वल्ही, ताशी ४ मैल. मोठ्या शिकारीला ८-१० गुराबा आणि ४०-५० गलबतं एकदम निघायची. वारा पडला तर गलबतं वल्हवत गुराबांना ओढून न्यायची. गुराबा शत्रूच्या पिछाडीला राहून लांबूनच डोलकाठ्यांवर तोफा डागायच्या. जहाज लंगडं झालं आणि तरी शरण येईना, तर गलबतांतली माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी एकाच वेळी वर चढायची.

आता हे सगळं खेळात बसवायचं कसं, इथे गाडी अडलीय.

फ्रीसिव्हमध्ये लढाई एकास एक होते. प्रत्येक फेरी जिंकायची शक्यता म्हणजे हल्ला भागिले हल्ला अधिक बचाव. खेळातल्या मूळ फ्रिगेटचा (युरोपी शिडाच्या युद्धनौकेचा) हल्ला ४, बचाव २, हिटपॉइंट २०. मी गलबताला हल्ला १, बचाव १, हिटपॉइंट १० दिले. बाकीचे बोनस सोडून द्या, नुसतं गणित करा: गलबत तीनातली एक फेरी जिंकणार, म्हणजे स्वतः १० मार खाऊन मरेपर्यंत फ्रिगेटचे सरासरी ५ घालवणार. एका फ्रिगेटसाठी चार गलबतं रांगेत उभी राहून बुडणार! रेशनच्या दुकानासारखी. इतिहासात ती रांगेत जात नव्हती, हीच तर खरी गंमत होती.

बरं, हल्ला वाढवून ३ केला, तर दोनच गलबतं इंग्रजी जहाजाला भारी पडायला लागली. तेही खोटंच. १८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरीजवळ मराठ्यांच्या हाती इंग्रजांची ‘डोव्ह’ लागली, पण त्यांचीच दुसरी नौका ‘रिव्हेंज’ एकटी गलबतांच्या गराड्यात लढत राहिली आणि निसटली. आणि ही डोव्ह स्वतः गुराबच होती बरं का, इंग्रजांची. मॉडमध्ये गुराब फक्त मराठ्यांना द्यायची की नाही, हा आणखी एक वाद भाच्याशी चालू आहे.

वर किलस्टॅक, म्हणजे चौकटीतलं एक युनिट हरलं की तिथली सगळीच जातात. एका चौकटीत सहा गलबतं आणि एक गुराब उभी केली. फ्रिगेटने एकीला हरवलं आणि सातही बुडाली. भाचा म्हणाला, “मामा, तू आरमार नाही बांधलंस, सहलीची बोट बांधलीस.”

जमलेल्या गोष्टीही सांगतो, नाहीतर म्हणाल काही न करता आयतं मागतोय. ‘खाडी’ नावाचा नवा भूभाग केला, त्यात फक्त उथळ तळाची जहाजं शिरतात. विजयदुर्गाशेजारी वाघोटनच्या खाडीत, गिर्येला गोदी होती, तशी जागा नकाशावर करता आली. वल्हेकऱ्यांच्या दमासाठी विमानांचं इंधनाचं खातं गलबताला लावलं. ही कल्पना आयर्विन पुलावर सुचली. कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात, तेव्हा सुरुवातीला वल्ही कशी पडतात आणि शेवटी कशी, ते वरून बघावं. ताशी ४ मैल ठीक आहे, पण किती वेळ? आता फक्त ‘इंधन संपल्याने गलबत गमावले’ असा निरोप येतो, तो बदलायचा आहे.

तर प्रश्न दोन. झुंडीचा हल्ला कसा दाखवावा? आणि गुराबेचं चित्र काढायला संदर्भ काय वापरावा? नेटवर बघावं तर युरोपी जहाजावर भगवा चढवलेला, की झाली मराठा युद्धनौका.

कोरडा खलाशी, सांगली

रात्रपाळी

लष्कराच्या भाकऱ्या छान भाजताय. किलस्टॅक सर्व्हरच्या सेटिंगमधून बंद होतो, ते आधी करा.

पण मूळ चूक वेगळी आहे. तुम्ही एक गलबत म्हणजे एक युनिट धरलंय. ‘गलबतांचा ताफा’ असं एकच युनिट करा, दहा गलबतांचं. हिटपॉइंट ३०, हल्ला २. म्हणजे ३ पॉइंट गेले की एक गलबत गेलं. फ्रिगेटच्या बचावाशी बरोबरी होते आणि झुंड आपोआप आत येते.

वीरगळवेडा

चित्रासाठी बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ बघा. जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ही अगदी स्पष्ट दिसतात.

रात्रपाळी

वीरगळ सुंदर आहेत, पण आंग्र्यांच्या कित्येक शतकं आधीचे. मध्ये तोफा आल्या. वल्ही घ्या, नाळ घेऊ नका.

आणि गुराबेला बॉम्बार्ड लावून बघा. त्या नियमात मारा करणारा उलट मार खात नाही, समोरच्याचे पॉइंट कमी होतात पण तो बुडत नाही. तुमच्या ऑर्मसाहेबांनी लिहिलेलं लांबून डोलकाठ्या तोडणं हेच की. आधी गुराब, मग ताफा. समुद्रातल्या चौकटीवर तो चालतो का, एक छोटा नकाशा करून तपासा.

कोरडा खलाशी

मान गए! हिशोब मांडून बघितला. धडधाकट फ्रिगेटवर ताफा सोडला तर सरासरी २० पॉइंट जातात, म्हणजे सहा-सात गलबतं. गुराबेने तिला आधी ८ वर आणली तर ताफ्याचेही ८च्या आसपासच जातात, दोन-तीन गलबतांत काम होतं. आकडे आता वर्णनासारखे वागतायत.

एक शंका. गुराब रोज लांबून फुकट मारा करत बसली तर इंग्रज खेळणाऱ्याने काय करायचं?

रात्रपाळी

तिचा बचाव १ ठेवा. फ्रिगेटने गाठली की संपली. मग तुम्हाला तिला खाडीजवळच ठेवावं लागेल, आणि तुमच्या खाडीलाही काही अर्थ येईल. सध्या ती नुसती लपायची जागा आहे.

कोरडा खलाशी

बरोबर पकडलंत. भाच्याने सगळं आरमार खाडीत कोंबून ठेवलं होतं आणि इंग्रज समोरून बिनधास्त सुरतेला जात होते.

आज रात्री बॉम्बार्ड तपासतो. पावसाळाही डोक्यात आहे, जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत जहाजं किनाऱ्यावर ओढलेली हवीत. वर्षाचे तुकडे पाडायची सोय नव्या आवृत्तीत दिसते, पण ते या झुंडीचं मार्गी लागल्यावर.

रत्नागिरी, मालवणकडचं कोणी असेल तर जुन्या बांधणीच्या लाकडी मचव्याच्या नाळेचे फोटो टाकाल का? समोरून नकोत, बाजूने हवेत.