जुन्या फाँटातली मराठी परत कशी मिळवायची? (अनुभव धागा)

पोटमाळा
माळा आवरताना सीडी सापडली. वर मार्करने 'स्मरणिका २००३'. आतल्या फायली उघडल्या की पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, अधेमधे पौंडाचं चिन्ह. ते बघून सायबर कॅफेतला तो काळ आठवला, फ्लॉपीवर लेखासोबत फाँटही न्यायचा. 'फाँट टाकलास का?' हा तेव्हाचा 'ओटीपी आला का?'

अशी मराठी आजच्या युनिकोडात (कुठल्याही फाँटात तीच वाचता येते ती पद्धत) आणायच्या खटपटी ज्यांनी केल्यात त्यांनी नेमकं काय करायचं, कुठे फसतं ते लिहा. श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी, किरण, शिवाजी, कुठलाही जुना फाँट चालेल.

खिळेमोळे
आधी सीडी वाचवा, मराठीचं मग बघू. मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेनेच पडतो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे हात टेकते. विंडोजवर ओढून कॉपी करू नका, खराब जागा आली की अडकून बसतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम, ब्लॉक २०४८. ते चांगला भाग आधी उचलतं, अवघड जागांशी नंतर झटापट. जी इमेज (अख्ख्या सीडीची एका फायलीतली प्रत) मिळेल तिच्यावरच पुढचं सगळं काम. मूळ सीडी परत कव्हरात.

नाशिककर_७
+१. आणि सीडीवर .टीटीएफ (फाँटची फाइल) शोधा!! पुष्कळ जण फाँट सोबतच टाकायचे. तो मिळाला तर निम्मं काम झालं. विंडोजमध्ये उजवं क्लिक > इन्स्टॉल, फाइल उघडा, वाचता येतं. बदलायची घाई नको.

शेवग्याची_शेंग
वर्डने 'फाइल ब्लॉक्ड' म्हटलं तर घाबरू नका. वर्ड ६ आणि ९५ च्या फायली नवीन वर्ड अडवतं. लिब्रेऑफिस उघडतं.

वेलांटी
हे फाँट आतून कसे चालायचे ते कळलं तर पुढचं सोपं. २५६ जागांची जुनी पद्धत, त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे *तुकडे* बसवलेले. अक्षरं नाहीत, तुकडे. ग म्हणजे अर्धा ग् आणि एक दंड. काना म्हणजेही तोच दंड. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, कारण ती आधी दिसते. रफार अक्षराच्या नंतर, कारण तो वर जाऊन बसतो. युनिकोडात दोन्ही उलटं: वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा र् आधी. म्हणून नुसतं 'शोधा-बदला' केलं की 'पार्वती'चा रफार व च्या पुढे लोंबकळतो.

क्रम असा ठेवा. आधी जोडाक्षरांचे तयार तुकडे बदला (क्ष, ज्ञ, श्र, द्ध, त्त), मग सुटे. अर्ध्या तुकड्याचं ग्, दंडाचं ा. सगळं झालं की ्ा शोधून त्या जागी काही नाही. म्हणजे ग्ा चा ग होतो, आणि मा साठी दोन दंड असतात त्यातला एक उडून दुसरा काना म्हणून उरतो. मग ाे चं ो, ाै चं ौ, ाॅ चं ॉ. शेवटी अा चं आ, अो चं ओ, अौ चं औ. 'आ' हा अ + काना असा राहिला तर दिसतो बरोबर, पण शोधला तर सापडत नाही.

आता वेलांटी. लिब्रेऑफिस, शोधा-बदला, रेग्युलर एक्स्प्रेशनवर (नमुना देऊन शोधणं) खूण.
शोधा: ि(([क-ह]्)*[क-ह])
बदला: $1ि
'स्थिती'तल्यासारखं जोडाक्षर असलं तरी वेलांटी अख्ख्या स्थ वरून उडी मारते. ळ आणि ऱ या क-ह मध्येच येतात, वेगळे लिहायला नकोत.

रफाराला आधी # ठेवा, मग
शोधा: (([क-ह]्)*[क-ह][ा-ौंँ]*)#
बदला: र्$1

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाकी नंतर.

रात्रपाळी
@वेलांटी एक मोठी खोच आहे. तो वेलांटीचा बदल चुकून *दोनदा* चालला की सगळं गेलं. एकदा 'किती' बरोबर झाला, दुसऱ्यांदा तीच वेलांटी पुढच्या त वर उडी मारते. म्हणून तक्त्यात (कुठल्या तुकड्याचं काय करायचं ती यादी) वेलांटीलाही ि न ठेवता @ ठेवा. शोधा: @(([क-ह]्)*[क-ह]) बदला: तेच. दुसऱ्यांदा चालवलं तरी @ उरलेलाच नसतो. मजकुरात ईमेल पत्ते असतील तर @ ऐवजी दुसरं चिन्ह.

वेलांटी
हो की! हे बरोबर. माझं वरचं वाचून कोणी केलं असेल तर कंट्रोल-झेड 🙏

पोटमाळा
केलं होतं 😅 कंट्रोल-झेड दाबतोय.

शेवग्याची_शेंग
'सर्वांना'मधला रफार आणि अनुस्वार पुष्कळ फाँटांत मिळून एकच तुकडा असतो. त्याला ं# असं द्या, मग वरच्या सूत्रात आपोआप बसतो.

आजीचा_डबा
स्मरणिकेत पाककृती आहेत का? कुरडयांचा चीक किती दिवस ठेवायचा ते जुन्या लोकांनी नीट लिहिलेलं असतं.

नाशिककर_७
गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. धाग्यावर या 😀

खिळेमोळे
मिश्र मजकुराचं कोणी बोललं नाही. त्याच परिच्छेदात फोन नंबर, इंग्रजी नावं टाइम्स न्यू रोमनमध्ये असतात. सगळं साध्या मजकुरात काढून कन्व्हर्टरला (जुना फाँट युनिकोडात बदलणारा प्रोग्राम) दिलं तर इंग्रजी नावाचीही मराठी होते, आणि ती कुठल्याच भाषेत नसते. वर्डमध्ये शोधा-बदला > मोअर > फॉरमॅट > फाँट, तिथे जुन्या फाँटचं नाव. शोधायचा चौकोन रिकामा. म्हणजे फक्त तोच भाग हाती येतो.

दुसरं, ऑटोकरेक्ट आधी बंद. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं की जुन्या फाँटात ते वेगळंच अक्षर. सरळ अवतरणचिन्ह वाकडं झालं तरी तेच. काही शब्दांतला एकच तुकडा सगळीकडे गायब असेल तर तो बहुधा १७३ नंबरच्या जागेवर होता. ती जागा 'सॉफ्ट हायफन'ची, पुष्कळ प्रोग्राम ती दाखवतच नाहीत.

रात्रपाळी
आणि तक्ता फाँटागणिक वेगळा. आकृतीचा तक्ता श्रीलिपीला लावला की भेळ. श्रीलिपीच्याही सगळ्या मालिकांचा तक्ता एक नाही. एक पान बदलून डोळ्यांनी वाचा, मगच अख्खी स्मरणिका.

ळ_चा_चाहता
बदलून झाल्यावर तीन तपासण्या. एक, ऱ्य. 'आचार्यांना' दक्षिणा, 'आचाऱ्यांना' भांडी. पहिल्यात साधा र् + य, दुसऱ्यात ऱ + ् + य. कन्व्हर्टर इथे हमखास घसरतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे ला ऱ आहे. दोन, ॲ. हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये आलं, जागा ०९७२. त्याआधीचे लोक अ + ॅ लिहायचे, किंवा हिंदीवाला ऍ. तिन्ही शोधायला वेगवेगळे, एकच करून टाका. तीन, 'वाङ्‌मय'मध्ये हलन्त दिसायला हवा असेल तर मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) लागतो, कन्व्हर्टर तो खातात.

ल आणि श बघून कोणी रडू नका. पाकळीचा ल, देठाचा श हे फाँटचं काम, मजकुरात दोन्हीकडे एकच अक्षर असतं. फाँटात मराठी रूपं असतील तर वर्डमध्ये भाषा हिंदीची मराठी केली की कधी कधी आपोआप बदलतात.

शेवग्याची_शेंग
फाइल नाही, नुसता छापील अंक उरलाय अशांसाठी: ३०० डीपीआयला स्कॅन, काळा-पांढरा नको, ग्रे. गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर मिळतो. टेसरॅक्ट या चित्रातून मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामलाही मराठी येतं. मुद्रितशोधनात घ-ध, भ-म, ब-व आणि उडालेले अनुस्वार बघायचे. ख चा रव होतो तो वेगळाच विनोद.

नाशिककर_७
'रवरं आहे'

खिळेमोळे
सेव्ह करताना यूटीएफ-८. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय ठेवून सेव्ह केलं तर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि त्यातून परत येता येत नाही. पेजमेकरच्या (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) फायली असतील तर लिब्रेऑफिसमधून मजकूर काढता येतो, मांडणीची आशा सोडा.

पोटमाळा
डीडीरेस्क्यू चालू आहे. टीटीएफ सापडला, डीव्हीबी-टीटी योगेश! @आजीचा_डबा पान १४ वर 'उन्हाळी वाळवण' आहे, पण त्या पानाच्या फाइलवरच चरा आहे.

आजीचा_डबा
बघा बघा, वाट बघते. तोवर गहू भिजत घातलेत.